पाटीवरचे परब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे दुय्यम निबंधक माननीय श्री. गुरुदास वालावलकरसाहेब, व्यासपीठावरचे आणि स्वतःची भाषणं उरकल्यामुळे आता निर्धास्त झालेले मान्यवर, माझे सहकारी, दस्तलेखक मंडळी, आणि शेवटी खाजं मिळणार या भरवशावर टिकून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

गेला दीड तास माझ्याविषयी जे काही ऐकलं, त्यावरून त्या माणसाला मलाच एकदा भेटावंसं वाटू लागलं आहे. मनमिळाऊ, वक्तशीर, निगर्वी. तेहतीस वर्षं मी त्याच्याच खुर्चीत बसत होतो, तरी आमची गाठ कशी पडली नाही कोण जाणे. किशोरीमॅडम म्हणाल्या, "परेरा ख्रिश्चन असूनही त्यांचं मराठी किती शुद्ध!" मॅडम, आभारी आहे. आमच्या सात पिढ्या याच किनाऱ्यावर गेल्या. माझे आजोबा ख्रिश्चन असूनही रापणीचं जाळं ओढायचे आणि आजी ख्रिश्चन असूनही बांगड्याच्या तिखल्यात तिरफळंच घालायची. मराठी तेवढं आम्ही कुठून तरी चोरून शिकलो असणार.

हसा, पण मॅडमना दोष देऊ नका. या 'असूनही'ला सर्वांत जास्त घाबरत होतो तो मी.

बदली होऊन इथे आलो तेव्हा टेबलावरच्या पाटीसाठी मी पेंटरला चिठ्ठी दिली, मिं. जु. परेरा. म्हणजे मिंगेल जुजे परेरा. त्या पेंटरने जन्मभर इतके परब रंगवले होते की 'पर'पर्यंत पोचल्यावर त्याचा हात आपोआप वळला. पाटी आली ती 'मिं'ची वेलांटी आणि अनुस्वारही गाळून, म. जु. परब अशी. शहाण्या माणसाने ती परत पाठवली असती. मी ती फडक्याने पुसून टेबलावर मांडली.

सहकारी चार दिवस हसले, मग त्यांनाही सवय झाली. लोक 'परबसाहेब' म्हणू लागले. कुणीतरी त्या 'म'चा मनोहर केला. एका गृहस्थांनी, तेही परबच, आपुलकीने माझं कुलदैवत विचारलं. मी म्हटलं, "आम्ही जरा किनाऱ्याकडचे." इतकी हुशारी दस्त तपासताना दाखवली असती तर आज मी व्यासपीठावर अध्यक्षांच्या जागी बसलो असतो.

खरं सांगायचं तर मला कुणी त्रास दिला नव्हता, नाव बदल असंही कुणी म्हटलं नव्हतं. प्रश्न नुसता सोयीचा होता. परबाला कुणी 'असूनही' म्हणत नाही. तेव्हा नऊ वर्षं मी सोमवार ते शुक्रवार परब होतो आणि रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर परेरा. शनिवारी कोण होतो ते आमच्या सौभाग्यवतींना विचारा.

आता पाहुण्यांसाठी एक खुलासा. आमच्या कार्यालयात दस्त नोंदवायचा तर दस्त करणाऱ्याला ओळखणारी दोन माणसं लागतात. त्यांना ओळखदार म्हणतात. बाहेरचा चहावाला भिकाजी हा या तालुक्यातला सर्वांत मोठा ओळखदार. ज्यांना त्याने जन्मात पाहिलं नाही अशा कितीतरी लोकांना तो चांगला ओळखतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी नेमका हा भिकाजी मुलीकडे आंबोलीला गेला होता.

त्या दिवशी नातालीनमावशी आली. वय ऐंशी, मूलबाळ नाही. शेजारची जानकी तिला दहा वर्षं सांभाळते आहे, तिच्या नावे घराचं बक्षीसपत्र करायचं होतं. मंगळवारी गोव्यात मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यातून ती उठली नसती तर मुंबईच्या पुतण्यांनी जानकीला त्या अंगणात उभं केलं नसतं. एक ओळखदार आला होता, दुसऱ्याची एसटी चुकली. मावशीने खिडकीतून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे मिंगेला, तू हंयच आसस मां? मगे तूच सही कर. ह्यो माका ओळखता, सायबानू."

वालावलकरसाहेबांना रुजू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. त्यांनी माझ्या पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "परब, तुम्ही यांना ओळखता?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरून उभी राहिलेली माझी धर्ममाता ती. बाळाला बोलता येत नाही, म्हणून फादरने विचारलं की याचं नाव काय, तेव्हा माझ्या वतीने उत्तर देणारी ती. त्या बाईने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि साहेबांना हात जोडले.

"माझीच चूक झाली, सायबानू. तोंड सारख्या दिसला. ह्यो तो न्हय."

ती गेली. पुराणातल्यासारखी धरणी वगैरे दुभंगली नाही. जेवणाची सुट्टी झाली आणि मी डबा खाल्ला.

तो रविवार झावळ्यांचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा होता. त्या दिवशी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत माणसं वाटून घेऊन वाचतात. माझं मराठी शुद्ध, असूनही, म्हणून फादरनी मला एका शिष्याची वाक्यं दिली होती. कोणत्या, ते लक्षात आलंच असेल: प्रभूला पकडून नेल्यावर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या. तो अंगणात शेकत बसलेला असतो आणि एक बाई त्याला ओळखते. पुढचं त्याचं वाक्य मी शुक्रवारी फुकट म्हटलं होतं, आता माइकवर म्हणायचं होतं. पहिल्या बाकावर नातालीनमावशी. मी कागदाकडे नुसता बघत राहिलो. तिला वाटलं माझी ओळ हरवली. ती हळूच म्हणाली, "वाच रे मिंगेला."

मी वाचलं, रडत वाचलं. आणि छप्पन्न वर्षांत ऐकून ऐकून बोथट झालेली एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्या शिष्याने ओळख नाकारली, पण प्रभूने त्याची ओळख नाकारली नाही. पुढे त्याला नावानेच हाक मारली. मी कोण, हे पाटीवरून ठरत नव्हतं आणि माझ्या भित्रेपणावरूनही ठरत नव्हतं. जो मला माझ्या नावाने हाक मारतो, त्याचा मी. एवढीच माझी ओळख, आणि ती मी मिळवलेली नाही.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली आणि मावशीला घेऊन माझ्याच टेबलासमोर रांगेत उभा राहिलो. साहेबांनी रीतसर नाव विचारलं. मी म्हणालो, "मिंगेल जुजे परेरा."

"या बाईंना किती वर्षं ओळखता?"

"त्या मला छप्पन्न वर्षं ओळखतात. मी त्यांना कालपासून."

साहेबांनी पाटी उचलली. "मग हे परब कोण?"

"साहेब, त्यांना मी ओळखत नाही."

साहेबांनी पाटी उलटी ठेवली आणि दस्त नोंदवला, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. मावशी ऑपरेशनमधून सुखरूप आली. ती आज इथे आहे, तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली, जानकीच्या शेजारी.

आपण सर्वांनी केलेल्या सन्मानाबद्दल, शालीबद्दल आणि नारळाबद्दल मनापासून आभार. तेहतीस वर्षांत माझ्या हातून काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून मला खाली बसता आलं असतं. पण एका चुकीची माफी तुमच्याकडे मागून भागणार नाही. गेली दोन वर्षं दर रविवारी मी तिच्या घरी जातो, तिच्या हातचं जेवतो, आणि ती तो विषय काढत नाही म्हणून मीही काढत नाही. घरात धीर होत नाही. नाकारलं चारचौघांत होतं, तेव्हा कबूलही चारचौघांतच करतो.

मावशे, त्या दिवशी चूक तुझी नव्हती. तो मियाच.