धोट्यावरचा शब्द

हॅलो?... हॅलो! हो, शालिकराम मास्तर बोलतो. कोण?... मुंबईहून?... श्रावण! तू होय गा! आवाजच ओळखू आला नाही... नाही, नाही, तुझा कशाले बदलेल, माझेच कान...

बोल, बोल. ताराचंदच्या दुकानात उभा आहे. मुंबईचा ट्रंककॉल म्हणाला, तसाच आलो, चपलाही घातल्या नाहीत.

हो, पेपरात वाचलं. उपमंत्री... अभिनंदन? हो, ते... करतो ना.

नाही गा, रागावलो नाही. मी कोण रागावणारा? मले राजकारणातलं कळते कुठं... तुझी काही मजबुरी असेल, असंच सांगतो लोकाइले.

लोक?... लोक म्हणतात, नागपूरची राजधानी गेली, अन् श्रावण राजीनामा द्यायचा सोडून मंत्री होऊन मुंबईले गेला. मी नाही म्हणत. लोक म्हणतात.

अरे, ऐक ना... ऐक. भाषणाचं कोणी धरून बसत नाही. भाषणात सारेच बोलतात. पण तू भागीरथावहिनीच्या मागावरचा धोटा हातात घेतला होता. साऱ्या मोहल्ल्यासमोर. राजधानी गेली तर आमदारकीचा राजीनामा देईन, म्हणाला. धोट्यावरचा शब्द मोडला, की ज्याच्या घरचा धोटा त्याचा माग बंद. हे तुले मी सांगू? तुझ्या बापाचा जन्म मागावर गेला.

हो... बंदच आहे... वहिनी बिड्या वळते आता... नाही, पंच कोणी सांगायले आले नाहीत. तिनंच थांबवला. अर्धं विणलेलं लुगडं तसंच आहे, वर फडकं टाकून ठेवलं... समजावलं ना! नव्या काळाच्या चार गोष्टी सांगितल्या. म्हणते, "भाऊजी, तुमच्या पुस्तकाइले माग लागत नाही."

काय?... रविवारी? येऊन राहिला तू? वहिनीकडे?... श्रावण, खरं सांगतो, मले वाटलंच होतं! अरे ताराचंद, येऊन राहिला तो!... काही नाही, ताराचंदले सांगत होतो. हे पहा, फार काही करावं लागत नाही. पंचाइसमोर उभं राहायचं, "मी शब्द मोडला" म्हणायचं, अन् धोटा वहिनीच्या हातात द्यायचा. बस. माग सुरू. राजीनामा आता कोणी मागत नाही...

हो... हो... फोटोवाला? तो कशाले?... पेपरासाठी... तू मागावर बसलेला... हं. अन् पंच?... त्याइले नको बोलावू... हं.

मग शब्द मोडल्याचं कुठं म्हणशील?... ऐकून राहिलो ना... म्हणणारच नाही.

पण माग बंद आहे ना गा... फोटोपुरता?... धोटा नुसता इकडून तिकडे... वहिनीले मी समजावू? माझं ऐकेल म्हणतो?... हो. ऐकेलही. माझ्याच भरवशावर तिनं धोटा तुझ्या हातात दिला होता.

नाही... नाही म्हणालो, श्रावण... मले नीट बोलता येत नाही, तुले ठाऊक आहे. कदाचित चुकतही असेन. पण हे मी तिले सांगणार नाही... पक्षाचं काय होते, ते तुम्ही पहा, साहेब... हो, साहेबच म्हणालो.

कोण?... हां, ट्रंकवाल्या ताई. वेळ झाली?... ते वाढवून मागतात?... वाढवू नका, ताई. त्याइले अजून बोलायचं असेल. माझं संपलं. ठेवतो.