राळेचा डाग

हॉलच्या कोपऱ्यात कॉफीची रांग होती. लेकीचा हँडबॉल क्लबकडून पहिलाच सामना बघायला आलेल्या एलिनचा बूट तिथे जमिनीला चिकटला. पुढे तरुण मेल्केर सत्तरीच्या सिक्स्टनना विचारत होता,

"चौऱ्याहत्तर साली आपला क्लब वरच्या गटात गेला, तेव्हा मोठा जल्लोष झाला असेल?"

"कसला जल्लोष! हॉल शाळेचा. चेंडू निसटू नये म्हणून हाताला राळ लावतात ना, तिचा एक डाग दिसला तरी हॉल बंद, असा दम होता."

"मग?"

"मग काय, जिंकलेला अख्खा संघ गुडघ्यांवर! तेलाची फडकी घेऊन घासतायत. कप्तान सगळ्यांच्या पुढे."

"आणि हरलेले?"

"तेही बसले घासायला. निम्मी राळ त्यांचीच होती ना! त्यापायी बस चुकली त्यांची."

"काय माणसं हो! पण तुम्हाला इतकं बारीकसारीक कसं माहीत?"

"मी हरलेल्यांत होतो, बाबा."

"तुम्ही? मग इथे कसे?"

सिक्स्टननी कॉफी ओतणाऱ्या गुनवरकडे बोट दाखवलं.

"फडकं हिनं दिलं हातात."

गुनवरनं एलिनपुढे कप सरकवला.

"बूट चिकटला ना? पन्नास वर्षं झाली, हा कोपरे अजून तसेच सोडतो."