अर्ध्या वाजवण्यातला फेटा

मान हलवू नका, सर. आता सुटतोय फेटा. मी घट्टच बांधतो — नवरदेव वरातीत नाचला तरी हलाय नगो, अशी आपली रीत. तुम्ही तर बांधल्यावर उरलेला सगळा कार्यक्रम हात हलवला, मान हलवली, अंगात आल्यागत उड्या मारल्या — ढिला झाला? न्हाय की! मंगळवार पेठंत कुणालाबी इचारा, हंबीरराव फेटेवाल्याचा फेटा कधी सुटलाय का. मागचा शेमला तेवढा हलत हुता. तो हलायचाच. पोरं तुमच्या हातातली काठी सोडून शेमल्याकडं बघून वाजवत हुती, हे मला मान्य हाय.

बसा, बसा खुर्चीवर, गाडी सुटाय येळ हाय, पोरं अजून वाद्यं पेट्यांत भराय लागलीत. राग आलाय, व्हय? येणारच. पण तुम्हीच सांगा — तुम्ही काठी खाली घेतली, वाजवायचं थांबलं, सगळी गप्प. माणूस काय समजणार? संपलं! आणि संपलं की आपल्याकडं सत्कार. शाल, नारळ, फेटा — त्याबिगर पावण्याला कोल्हापूर सोडत न्हाय. मी स्टेजवर चढलो, मागनं गल्लीनं टाळ्या वाजवल्या, गल्लीतल्या कृष्णात पैलवानानं शिट्टी मारली — कुस्तीच्या मैदानात मारतो तीच, त्याला दुसरी येत न्हाय. आणि गल्ली मी आणली न्हाय हं. पोरीनं एसटीडीवरनं फोन करून बजावलंतं, 'आबा, एकटेच या, आणि फेटे आणू नका.' मी एकटाच निघालो. गल्ली आपली आपण आली. आणि फेटे म्हणाल तर तुमचा हा एकच — एकच आणलाता.

पोरगी म्हंजे आमची निशिगंधा. व्हायोलिनच्या दुसऱ्या ओळीत, पार कडंला बसती ती. तिला काय बोलू नका, सर. उद्या बेळगावच्या कार्यक्रमातनं तिला वगळणार, असं ती पेट्यावाली पोरं बोलत हुती. माझ्या गुन्ह्याला तिला फाशी कशाला? तिनं तर बिचारीनं सगळं समजावून सांगितलंतं मला — ह्या वाजवण्याला चार भाग असत्यात, मधी मधी थांबतंय, तवा टाळ्या वाजवायच्या न्हाईत, सर वळून वाकले की मगच —

आं?

व्हय. म्हंजे ठाव हुतं मला.

आता काय लपवायचं... माझ्या खुर्चीवरनं निस्तं तिचं कोपर दिसत हुतं, सर. म्होरं तुमचा तो दांडगा पोरगा, ते थोरलं व्हायोलिन मांडीत घेऊन. पयला भाग कोपर बघितलं. दुसरा भाग कोपर बघितलं. पुण्याला मावशीकडं गेली त्याला दोन वर्सं झाली — दिवाळीला सराव, गणपतीला सराव — आणि आता आपल्याच गावात आली, तर बापानं कोपर बघून घरला जायाचं? स्टेजवर चढायची मला एकच विद्या येती. आणि फेट्याचं एक बरं असतंय — बांधणाऱ्याकडं कुणी बघत न्हाय. तुमच्या डोक्यावरनं मी तिलाच बघत हुतो, म्हणून तर येवढा येळ लागला, एरवी माझा हात चटकन चालतो. वाळलीया पोरगी. मावशी जेवाय घालती का न्हाय, देव जाणे. मला बघून तिनं मान खाली घातली, कान लाल — तिच्या आईचं बी असंच व्हायचं. तिला एक आणलाता, लिंबू रंगाचा, तिच्या आवडीचा. पिशवीतच राह्यला. व्हय, दोन आणलेते. धरा की तुम्ही बी मला शब्दात.

काय म्हणता? वगळणार न्हाय? मग ती पोरं — बरं. बरं झालं. मग गाडीत तोंड फिरवून का बसलीया? मगाशी मी खिडकीखाली उभा हुतो, काच खाली घेतली न्हाय तिनं. लाज वाटली असंल माझी. वाटंना का.

आली. सर, आली बघा. तुम्ही कायबी ऐकलेलं न्हाय हं.

काय गं? — पिशवीतला? तुला कुणी सांगितलं? कुणीच न्हाय? — म्हंजे मी आणणार, हे ठाव हुतंच व्हय तुला? — आता? हितं, तुझ्या सगळ्या पोरांम्होरं?

उठा, सर. तुमचं झालं. खुर्ची मोकळी करा. बस, निशे. मान हलवू नको.

गाडी थांबंल, सर. ह्याला येळ लागतो.