पिवळं का लाल

दगडाबाईचं वासरू वाचलं. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चला, कारण सोसायटीच्या चारा छावणीत कडब्याच्या रांगेत उभ्या असलेल्या जालिंदरला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या पुढ्यात दगडाबाई आणि जनावरांचा डॉक्टर एकाच बादलीला दोन बाजूंनी झोंबत होते.

"सोडा बादली, डाक्टर! तीन दिसांनी टँकर आलाय."

"मावशी, दोन बादल्या ढोसल्यात वासरानं. आणखी दिलं तर मरेल."

"पान्यानं? बीड जिल्ह्यात?"

"रक्तातल्या पेशीला पातळ पडदा असतो. तो मिठाला अडवतो, पाण्याला नाही. तहानलेलं जनावर एकदम प्यालं की रक्त पातळ होतं, पाणी पेशीत घुसतं आणि पेशी फुगून फुटते."

"आन् फुटली का न्हाई, कळायचं कसं?"

"मुतलं की कळेल. लाल आलं तर फुटल्या."

"तवर काय करू?"

"मिठाचं पाणी पाजा, घोट घोट."

"लई हंबरतंय वो! माझ्याकडंच बघतंय."

"बघू द्या. दोर सोडू नका."

रांग पुढं सरकली. जालिंदर सरकला नाही.

"शेपूट उचललं! मला न्हाई बघवत. जालिंदर, तू बघ. कसलं हाय?"

"पिवळं, काकू."

"नीट बघ रं!"

"पिवळंच हाय."

दगडाबाईनं दोर खुंट्याला बांधला आणि जालिंदरकडं वळली.

"मंग आता सोसायटीला अर्ज लिही. मा. चेअरमनसाहेब, मिठाला अडवणाऱ्या पडद्याने यापुढे पाण्यालाही ओळखपत्र पाहिल्याशिवाय आत सोडू नये, असा ठराव तातडीने मंजूर व्हावा, ही नम्र विनंती."