वाटीखालचं पिल्लू

नृसिंह मास्तर : आज हूं तुम्ही म्हणायचं नाही, राहीबाई. हूं झुंबरनं म्हणायचं. हुंकाराशिवाय गोष्ट पुढं न्यायची नाही, हा आमच्या घरचा रिवाज आहे.

राहीबाई : पोर दिवाळीपास्नं बोलंना, अन् तुमी हूंवर अडून बसलाय. शिमगा आला, मास्तर. म्हनून मीच म्हनते तिच्या वाटनीचं.

मास्तर : तिच्या वाटणीचं जेवता का?

राहीबाई : जेवन तिचं ती जेवती. बोलनंच ऱ्हायलंय. वाटी आनाया गेलीय तवर सांगते, आज आटपा लौकर. पहाटं ह्यांनी गाडी जुंपायची ठरवलीय. नगरापतुर गाडी, तितनं पुनं. तितं मुक्या पोरांची शाळा हाय म्हनं. ठिवून घेत्यात.

मास्तर : पुंजारामांना मी काल सांगितलं, तुमची लेक मुकी नाही. तर म्हणाले, 'मास्तर, जो बैल चालत न्हाई त्याला बाजारात लंगडाच म्हनत्यात.' घोडेगावच्या बाजारात जन्म गेलेल्या माणसाशी वाद घालू नये.

राहीबाई : त्यो बाजारच आमच्या मुळावर आला. बैलजोडी इकलेली साऱ्यांनी बघितली. हे तितंच मुक्कामाला, घरात मी अन् ही पोर, अन् पैका घरीच आला आसंल म्हनून त्याच राती दरोडा.

मास्तर : आणि तेव्हापासून दरोडेखोरांपेक्षा बरं करणारेच जास्त. फौजदारांनी तिला तीनदा 'घाबरू नकोस' म्हणून दरडावलं. वैद्यांनी जिभेला पिंपळी चोळली. उरलो मी. माझ्याकडं एक गोष्टीतलं तित्तराचं पिल्लू.

राहीबाई : हळू. आली बघा. तिच्याम्होरं त्या लोकांचं नाव काढायचं न्हाई. वैद्यांनी बजावलंय. ह्या घरात कुनी काढलं बी न्हाई अजून.

मास्तर : ये गं झुंबरे. अशी पुढ्यात बस. हा चिंचोका म्हणजे आपलं पिल्लू. ही उपडी वाटी म्हणजे बाजरीचं रान. तर काय झालं, कोल्हा आला. पिल्लू वाटीखाली दडलं. कोल्ह्यानं इकडं हुंगलं, तिकडं हुंगलं, आणि कंटाळून निघून गेला. आता मी वाटी उचलतो...

राहीबाई : धरली. दोनी हातांनी दाबून धरली.

मास्तर : रोज इथंच. कोल्ह्याला मी दोनदा मारला, एकदा काशीला धाडला, काल तर फासावर दिला. झुंबरे, मेला ना गं कोल्हा? हे बघा, मान हलवते. मेला हे कबूल आहे. वाटी सोडणं कबूल नाही.

राहीबाई : दिवेलागन झाली, मास्तर. घरात रॉकेल न्हाई.

मास्तर : महायुद्ध संपल्याचं रेशनच्या रॉकेलला अजून कुणी कळवलेलं नाही.

राहीबाई : एक इचारू? रागावू नका. तुमच्या गोष्टीत आई कुठं हाय?

मास्तर : आई?

राहीबाई : एवढुसं पिल्लू आपल्या मनानं दडून बसतंय व्हय? चूं बी न करता?

मास्तर : अं... ते माझ्या ध्यानात आलं नाही. थांबा, चंचीत सुपारी आहे. ही सुपारी म्हणजे आई. कुठं ठेवू गं हिला, बाळ? बांधावर? विहिरीपाशी? अगं, ओढू नकोस, देतो. घे. तूच ठेव तिला.

राहीबाई : मास्तर.

मास्तर : बघतोय.

राहीबाई : माझ्या वटीत ठिवली ओ.

मास्तर : बघतोय, राहीबाई. हलू नका. आणि आता वैद्य काय म्हणाले ते क्षणभर बाजूला ठेवा. त्या रात्री हिला कणगीत कुणी घातलं?

राहीबाई : मीच. दार फोडाया लागले तवा उचलली अन् ज्वारीवर बसवली. वरनं गोनपाट टाकलं.

मास्तर : आणि सांगितलंत काय?

राहीबाई : घाईत काय सांगनार? म्हनलं, मी 'गेले' म्हनेस्तवर चूं करायची न्हाई.

मास्तर : मग कधी म्हणालात?

राहीबाई : कवा म्हननार? डोक्यात दांडकं बसलं. सुद आली ती नगरच्या दवाखान्यात. हिला सकाळी ह्यांनी भाईर काढली.

मास्तर : घरी आल्यावर?

राहीबाई : घरी आल्यावर... वैद्यांनी बजावलेलं की. नाव काढायचं न्हाई. काढलंच न्हाई मी. मास्तर, मी म्हनलेच न्हाई तिला.

मास्तर : म्हणजे आम्ही शहाणी माणसं जपून जपून तेवढा एकच शब्द टाळत आलो. साऱ्यांनी 'बोल, बोल' म्हणून हिला भंडावलं. गाव म्हणालं, पोर भ्याली. आणि ही आईनं सांगितलेलं पाळत बसली होती. दिवाळी, संक्रांत, शिमगा. फौजदारापुढंसुद्धा. अहो, माझा उभा जन्म शाळेत गेला, मला एक वर्ग घंटा होईपर्यंत गप्प बसवता आला नाही.

राहीबाई : माझ्याकडंच बघतीय. सुपारीकडं न्हाई, माझ्याकडं.

मास्तर : मग सांगा तिला.

राहीबाई : आता? लई उशीर झाला की.

मास्तर : तिनं वाट बघायची सोडलेली नाही.

राहीबाई : झुंबरे... अगं माझे बाय... गेले. ते समदे गेले गं.

(झुंबर वाटीवरचे हात काढते.)

मास्तर : तर... तर मग, आईचं ऐकून, पिल्लू रानातून बाहेर आलं...

झुंबर : हूं.