माझा दुखवटा

कागदावर माझं नाव बबन, पण सगळं गाव मला मामा म्हणतं, बायकोसुद्धा रागात आली का मामाच म्हणती. जन्म इथलाच, भीमेच्या काठचा, वडगाव रासाईच्या अलीकडं आमची वाडी हाय, आन् नोकरी दौंडला रेल्वेत, गँगमनची, हातात हातोडा घिऊन रूळ बघत चालायचं, चालून चालून रिटायर झालो. कबड्डी मी तिथंच शिकलो, रेल्वे कॉलनीत, ड्यूटी सुटली का चड्डी घालायची आन् मातीत उतरायचं, आन् मंग मनात आलं का आपल्या वाडीत पण संघ पायजे, म्हणून शाळंमागचं पडीक साफ केलं आन् पोरं गोळा केली.

आता पोरं म्हंजी काय, कुणी उसाला पाणी धरणारं, कुणी शिक्रापूरला कंपनीत जाणारं, अंगानं काटक, पण खेळात ज्येला त्येला एकट्यानं हिरो व्हायचं. म्हणून मी त्येंला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली, साखळी. म्हंजी समोरचा गडी चढाई करत आत आला का आपल्या दोघा-तिघांनी एकमेकांची मनगटं धरून उभं ऱ्हायचं आन् त्येला मधी घ्यायचं. जीव गेला तरी हात सोडायचा न्हाई, म्हणायचो मी. व्हय, ह्याच शब्दात म्हणायचो, त्येच सांगतोय तुम्हाला.

त्ये रविवारी झालं, सकाळी. मैदानावर नवी माती टाकत व्हतो, पोरं डोक्यापासनं पायापर्यंत चिखलानं माखलेली, आन् लाइट गेली म्हणून मोटार बंद. मी म्हणलं, जा नदीवर, धुऊन या. कुणीतरी म्हणलं मामा तिकडं वाळू काढलीया, आन् मी म्हणलं, आरं नदी मला पाठ हाय, जुन्या घाटावर उतरा, कमरंच्या वर पाणी न्हाई. काय सांगू ताई तुम्हाला, चाळीस वर्षं रूळ बघितलं मी, रोजचा रूळ रोज नव्यानं बघायचा, काल चांगला व्हता म्हणून आज चांगला आसंल आसं धरायचं न्हाई, ह्येच माझं काम व्हतं. आन् नदी न बघता सांगितली. कुणी काढली वाळू, कवा काढली, त्ये मी बोलत न्हाई. मी बघितलं न्हाई, येवढं खरं.

सागर पयला खड्ड्यात गेला. त्येचा हात योगेशनं धरला, योगेशचा अमोलनं. अमोल म्हंजी आमचा लेफ्ट कॉर्नर, कुसुमवैनीचा थोरला, पट्टीचा पोहणारा, आन् त्यो कमरंएवढ्या पाण्यात उभा व्हता. त्येनं हात सोडला असता तर त्यो वाचत व्हता. सोडला न्हाई. पायाखालची वाळू ढासळली आन् तिघंबी गेली. मी धावत घाटावर पोचलो तवा दिग्या, म्हंजी आमचा कॅप्टन, काठावर नुसता वरडत व्हता. भोयांनी बाहेर काढली तवा अमोलची मूठ योगेशच्या मनगटाला तशीच व्हती.

मला तोंडावर कुणी कायबी बोललं न्हाई. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. मी शिट्टी पेटीत टाकली आन् शाळंमागं जायचं सोडलं, किराणा आणायला निघालो तरी कॅनॉलवरनं फिरून जायचो. मैदानावर लोकं शेरडं बांधाया लागली. आमच्या घरात ना दिवाळी झाली ना पाडवा, बायको म्हणायची आवो आपल्या घरात कोण गेलंय, पुरणपोळी तरी करू द्या, आन् मी ताटावरनं उठायचो.

वर्ष सरलं तसं दिग्यानं चौघं राह्यलेली आन् तिघं नवी आसा संघ परत उभा केला. नव्यातला सूरज बिहारचा, शिक्रापूरला खोली करून राहणारा, कंपनीतला, पण चढाई आशी का डोळा लवू देत न्हाई. केंदूरला खेळली आन् हारली, करड्याला खेळली आन् हारली. दिग्या माझ्या दारात आला, म्हणला मामा, सूरज इचारतो, ये लोग हाथ क्यों नहीं पकड़ते, मी काय सांगू त्येला? मैदानात समोरचा गडी आत येतो आन् आमी सगळी सुटी सुटी उभी, कुणाचाच हात पुढं जात न्हाई. दौंडची स्पर्धा पंधरा दिवसांवर हाय, ही हारलो का संघ मोडतोय, एकदा या. मी न्हाई म्हणलं. माझ्या शिकवण्यानंच मेली ती पोरं, आता आजून काय शिकवू, म्हणलं, आन् दार लावलं.

दिग्या कुठं गेला आसंल? गेला कुसुमवैनीकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलेलो, तर ही बाई येताना दिसली, हातात पिशवी. मी उठून आत जायला बघितलं तर म्हणली, बसा मामा, पळू नका. पिशवीतनं टॉवेल काढला, टोपी काढली, बायकोला खण, आन् डब्यात शिरा.

आता आमच्यातली रीत तुम्हाला ठाव आसंल, मयत झालेल्या घराचा दुखवटा सोयऱ्यांनी येऊन काढायचा, टॉवेल-टोपी घालायची, तोंड गोड करायचं, मंग त्ये घर सणावाराला मोकळं. पण त्यो मयताच्या घराचा काढायचा. मी म्हणलं वैनी, ह्ये उलटं हाय, मी तुमच्या घरी यायला पायजे व्हतं टोपी घिऊन, आन् माझी यायची छाती झाली न्हाई. ती म्हणली, आमचा काढला माझ्या भावांनी. तुमचा कोण काढणार? तुम्हाला तर कुणी धरलंच न्हाई सुतकात.

मी रडाया लागलो, खोटं कशाला सांगू. म्हणलं, वैनी, मीच शिकवलं त्येला हात सोडू नको म्हणून. सोडला असता तर घरी आला असता. ती म्हणली, आला असता. रोज मनात येतं माझ्या, सोडला असता तर बरं झालं असतं. पण मंग त्यो तुमच्यावानी ओट्यावर बसला असता, जन्मभर. त्ये मला बघवलं नसतं. आन् टोपी माझ्या डोक्यावर ठिवली, शिऱ्याचा घास तोंडाला लावला. उठा आता, म्हणली.

त्याच सकाळी गेलो मैदानावर. शेरडं सोडून दिली, त्येवरनं दोन बाया भांडल्याबी माझ्यासंगं. पोरांना उभं केलं, हात धरा म्हणलं. कुणी धरीना. मंग मीच मधी उभा राह्यलो, ह्या बाजूला दिग्याचं मनगट, त्या बाजूला सूरजचं. तसंच अर्धा घंटा उभं केलं सगळ्यांना, खेळ न्हाई, काय न्हाई. पण एक बदल केला, आता शिकवताना जीव गेला तरी आसं म्हणत न्हाई. खेळात सोडू नका, म्हणतो, येवढंच.

दौंडला पयली मॅच जिंकलो, एका गुणानं. शेवटच्या चढाईला त्येंचा लांबसडक गडी डाव्या कोपऱ्यात शिरला, अमोलच्या जाग्यावर, आन् दिग्या आन् सूरजनं साखळी टाकून त्येला मधी घेतला, त्यो रेषेकडं ओढत ऱ्हायला पण हात सुटलं न्हाईत. दुसरी मॅच हारलो, आन् बरोबर हारलो, त्ये चांगलेच खेळले. पण संघ मोडला न्हाई.

आता रोज सकाळी जातो. मोटार बंद असली का पोरं तशीच चिखलाची घरी जातात, नदीवर कुणाला सोडत न्हाई, आन् मी सोता आठवड्याला एकदा काठी घिऊन घाटावर पाणी मापून येतो, उतरत कुणीच न्हाई तरी. वैनी कवा कवा मैदानाच्या कडंला येऊन उभी ऱ्हाती, डावा कोपरा बघती आन् जाती. टोपी हीच ती, ताई. कळकट झालीया, बायको म्हणती नवी घ्या, पण आसू द्या. देव तिला औक्ष देवो.