मिटलेला वस्तरा

ताई : खिडकीशी काय उभा राहिलास? आत ये. आप्पांनी सकाळपासून तुझाच धोशा लावलाय.

भाऊ : तू हो पुढे. मी इथेच बरा आहे.

ताई : रोज वॉर्डच्या दारापर्यंत येतोस आणि तिथूनच मागे फिरतोस. दुकानातली वस्तऱ्याची पेटी आणायला सांगितली होती, ती तरी आणलीस का?

भाऊ : आणलीय. पिशवीत आहे.

ताई : मग घोडं अडलंय कुठे? बापाचं मागणं ते केवढं, बाळ्याकडून एकदा दाढी करून घ्यायचीय. काल इथला दाढी करणारा आला, तर त्यांनी उशीत तोंड खुपसलं. म्हणाले, गळा वर करीन तो माझ्या पोरापुढेच.

भाऊ : मशीन आणून देतो. तू फिरव. होईल बऱ्यापैकी.

ताई : आप्पांची दाढी मशीनने? जन्मभर लोकांच्या गालांवरून वस्तरा फिरवला त्या माणसाने. तू दुकानात दाढ्या बंद केल्यास, नुसतं केस कापायचं ठेवलंस, तेव्हा लोक म्हणाले, हात थरथरत असेल. मीही तेच धरून चालले. पण मघाशी चहाचा कप काठोकाठ भरलेला होता, तुझ्या हातून थेंब सांडला नाही.

भाऊ : ताई, खोदून खोदून विचारू नकोस.

ताई : विचारणार. आप्पा काल मला म्हणाले, बाळ्या माझ्यावर रागावलाय का गं? दुकान त्याच्या गळ्यात मारलं म्हणून जवळ येत नाही का? डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस निघाला तरी पुष्कळ. हे मनात ठेवून जाऊ देणार आहेस त्यांना?

भाऊ : रागावलो नाही गं. भीती वाटते.

ताई : त्यांना असं बघायची?

भाऊ : नाही. माझीच.

ताई : म्हणजे?

भाऊ : वस्तरा हातात घेतला, गिऱ्हाइकाने मान मागे टाकली, की मनात येतं, दाब. आता दाब. आवाज नाही कुणाचा. माझाच विचार. नको नको म्हणावं तेवढ्या जोराने येतो. अंगाला घाम सुटतो. बघ, मागे सरकलीस.

ताई : नाही सरकले. सरकले, खोटं कशाला बोलू. कधीपासून हे?

भाऊ : तुझ्या लेकीला बाळ झालं, त्याच्या आधीपासून.

ताई : म्हणून तू त्याला उचललं नाहीस. उंबऱ्यातून बघितलंस आणि परत गेलास. मी त्यावरून वर्षभर अबोला धरला तुझ्याशी.

भाऊ : खोलीची खिडकी उघडी होती. त्याला हातात घेतलं आणि मनात तसलं काही आलं तर, या विचारानेच पाय मागे आले.

ताई : आणि तुझी बायको म्हणायची, मी सुरी काढली की हे घराबाहेर पडतात. आम्ही हसायचो, म्हणायचो, भाजी चिरायची वेळ आली की बरोबर पळतो. बाळ्या, खरं सांग, तुला आत्यासारखं झालंय का?

भाऊ : हेच विचारशील म्हणून तर तोंड शिवून बसलो. आत्याला मागच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी घातली. कुणी आलं की आपण दोघांनी सांगायचं, आत्या बाहेरगावी गेलीय. मला वाटलं, मी बोललो की ती खोली माझ्यासाठी झाडून ठेवतील.

ताई : कोण ठेवेल? मी?

भाऊ : माणूस घाबरलं की काय करील सांगता येत नाही. आप्पांचा काय कमी जीव होता बहिणीवर?

ताई : डॉक्टरला दाखवलंस का कुठल्या?

भाऊ : मनाच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे जातोय. पहिल्यांदा आत्याचंच विचारलं. म्हणाल्या, तुम्ही सांगता त्यावरून तिचा आजार वेगळा असणार. तिला आवाज ऐकू यायचे आणि ते खरे वाटायचे. त्यालाही औषध असतं, कडी लावायची नसते. माझं निराळं. मला कळत असतं की हा विचार मला नकोय, माझा जीव विटतो त्याने, तरी तो उठून जात नाही.

ताई : आमच्या समोरची ती बाई दिवसभर हात धुते. कातडी सोलवटली पार. तिलाही म्हणे मनाचंच काहीतरी आहे.

भाऊ : तिचा आणि माझा एकच आजार निघायचा. तिचा हातांवर दिसतो, माझा दिसत नाही.

ताई : आणि खरंच तुझ्या हातून काही झालं तर?

भाऊ : मीही दर वेळी हेच विचारतो. त्या म्हणतात, भीतीपायी ज्याने आपलं अर्धं दुकान बंद केलं, त्याला ते करायचं नसतं म्हणूनच तो घाबरतो. ज्याच्यावर जीव जास्त, त्याच्याच भोवती हा विचार घोटाळतो. म्हणून गिऱ्हाइकांपेक्षा आप्पांच्या बाबतीत जास्त.

ताई : मग पटतंय ना तुला?

भाऊ : डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. गोळ्या चालू आहेत. शिवाय रोज वस्तरा घेऊन बसायला सांगितलंय. आधी मिटलेला, मग उघडलेला, मग समोर माणूस. मी अजून मिटलेल्यावरच आहे, ताई. आप्पांना म्हणावं, थोडं थांबा.

ताई : थांबणं त्यांच्या हातात असतं तर कुठे काय हवं होतं? पहिली दाढी कुणाची केलीस, आठवतं?

भाऊ : त्यांचीच. म्हणाले, लोकांच्या गालांवर शिकू नकोस. डोळे मिटले आणि गळा वर केला. कानाखाली कापलं मी. त्यांनी तुरटी फिरवली आणि म्हणाले, हं, आता दुसरा गाल घे.

ताई : चल. मी शेजारी उभी राहते, तुझं मनगट धरते. वस्तरा तुझा, मनगट माझ्या हातात. काही झालंच तर दोघांचं.

भाऊ : तुला माझी भीती नाही वाटत?

ताई : मघाशी वाटली. आता माझाच राग येतोय. एवढं सगळं एकट्याने उरावर घेऊन बसलास आणि मी फुरंगटून घरी.

भाऊ : तू जा आत. सांग त्यांना, रागावलेला नाही म्हणून. मी ब्रश भिजवून आलोच.

सिस्टर : आप्पांची माणसं तुम्हीच ना? आत या. सावकाश या, आता घाई नाही.

ताई : घाई नाही म्हणजे?

सिस्टर : आत्ताच गेले. झोपेतच. त्रास झाला नाही.

भाऊ : काही म्हणाले?

सिस्टर : मघाशी विचारत होते, पोरगा आला का. मी म्हटलं, बाहेर पिशवी घेऊन उभा आहे. म्हणाले, पेटी असेल त्यात. मग डोळे मिटले.

(पलंगाभोवती पडदा ओढलेला. थोड्या वेळाने.)

सिस्टर : गरम पाणी इथे ठेवते. हवा तेवढा वेळ घ्या.

ताई : करायचीच आहे तुला?

भाऊ : मनगट धर.

ताई : अरे, आता कशाला? आता तुझ्या हातून त्यांना काय व्हायचंय?

भाऊ : तरी येतोय, ताई. तोच विचार. दाब म्हणतोय. ज्याचं आता काही बिघडूच शकत नाही, त्याच्याही गळ्याशी. त्याला काही म्हणता काही कळत नाही गं.

ताई : येऊ दे. धरलंय मी. चालव.

भाऊ : त्यांची मान जरा माझ्याकडे वळव. हं. गाल किती आत गेलेत.

ताई : हलका आहे रे तुझा हात.

भाऊ : त्यांचाच आहे. आता दुसरा गाल घेतो.

ताई : मनगट दुखत असेल तुझं. केवढं आवळलंय मी.

भाऊ : सोड आता.

ताई : सोडलं.

भाऊ : टॉवेल दे. कुठे कापलं का बघ. कानाखाली बघ.

ताई : नाही कापलं.

भाऊ : गळ्याशी?

ताई : कुठेच नाही. बघ कसे दिसतायत. दुकान उघडायला निघाल्यासारखे.

भाऊ : म्हणजे काल केली असती, तरी नसतं कापलं.